तिसऱ्या डब्यातली कोंबडी

पडद्यावर कोंबडी आली, तेव्हा सभागृहात कुणीही हसलं नाही.

चांगली भरलेली पांढरी कोंबडी होती. तिनं आमच्याकडं एका डोळ्यानं पाहिलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. त्याआधी बराच वेळ आम्ही सगळे अंतराळात होतो. यानात एकटा माणूस, पृथ्वीपासून लांब लांब चाललेला. खाली एका केंद्रात रेडिओपुढं बसलेली बाई, रोज संध्याकाळी त्याला हाका मारणारी. रिळांचा दुसरा डबा संपला तेव्हा त्याची उत्तरं बंद झाली होती आणि ती हाका मारतच होती. ऑपरेटरनं तिसरा डबा चढवला, अंधार झाला, आणि अंधारातून ही कोंबडी.

"जीवसृष्टीचा आरंभ," पुढच्या रांगेतून श्रीधर टेंबे हळूच म्हणाला.

आवाज नव्हता. दुसऱ्या डब्याच्या शेवटी कर्णा घरघरला आणि गप्प झाला. ऑपरेटर खटपट करायला लागला, तर श्रीधरनंच त्याला थांबवलं होतं. "असू दे. अंतराळात आवाज नसतोच."

मग अंडी आली. ट्रेमध्ये रांगेनं मांडलेली, वरून दिवे सोडलेले.

"ग्रह," कुणीतरी म्हणालं.

"किंवा तारे," दुसरं कुणीतरी म्हणालं. आमच्या चित्रपट मित्रमंडळाचे सभासद बहुतेक वर्गणी भरून आलेले होते, आणि वर्गणी भरलेला माणूस सिनेमा कळला नाही असं सहसा म्हणत नाही. परदेशी सिनेमे दाखवून दाखवून श्रीधरनं त्यांची अशी तयारी करून घेतली होती, की पडद्यावर काहीही आलं तरी ते अर्थ काढत.

पांढऱ्या डगल्यातला एक माणूस आला. त्यानं कोंबडी धरली आणि तिला इंजेक्शन दिलं. इथं मोहितेवकिलांना राहवलं नाही.

"टेंबेसर, हा शास्त्रज्ञ की देव?"

"दोन्ही असू शकतो."

"मला तो आपल्या बाजूचा वाटतोय. त्याची चप्पल बघा. कोल्हापुरी आहे."

"वकीलसाहेब, गप्प बसा. बघा तरी."

सगळे बघत राहिले. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसून बघणाऱ्यांना बघत होतो. शेवटी पडद्यावर पाटी आली, मराठीत, ठसठशीत: 'पिलांना नेहमी स्वच्छ पाणी द्यावे.'

मग दिवे लागले.

हा डबा भलत्याच सिनेमाचा आहे हे मला पहिल्यापासून कळलं होतं, कारण तो अंतराळाचा सिनेमा मी मुंबईला पाहिला होता. मी शाईच्या कंपनीचा फिरता विक्रेता. महिन्यातले निम्मे दिवस गावोगाव, अधूनमधून मुंबई. गावात माझी ख्याती थापाड्या अशी होती, आणि ती मी कष्टानं मिळवली होती. ज्या गावात कुणाला लिहिता येत नाही तिथं मी शाईच्या दोन पेट्या खपवल्या, ही गोष्ट कऱ्हाडात अजून सांगतात. कृष्णेच्या पुरात वाहून गेलेली माझी छत्री सुसरीनं परत आणून दिली, ही मात्र हल्ली कुणी ऐकून घेत नाही. मलाही सांगायला दम राहिलेला नाही. माणूस थापांनी थकतो, हे मला फार उशिरा कळलं.

तर मी का बोललो नाही? आमच्या मंडळाचा नियम होता. ज्यानं सिनेमा आधी पाहिलाय त्यानं दाराजवळ बसायचं आणि तोंड मिटून बसायचं. नियम श्रीधरनंच केला होता, तोही माझ्यासाठीच. दाराजवळची दुसरी खुर्ची इंदूताई साखवळकरांची. त्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. सभागृह वाचनालयाचं, किल्ल्या त्यांच्याकडं, म्हणून रविवारचा आमचा खेळ संपेपर्यंत त्या बसून राहायच्या. सिनेमा पाहायच्या नाहीत. पुस्तकांना कव्हरं घालत बसायच्या.

त्या दिवशी मात्र कव्हरं मांडीवर तशीच होती.

त्यांचा मुलगा हेमंत व्यापारी जहाजावर वायरलेसवर होता. आदल्या पावसाळ्यात ते जहाज वादळात सापडलं आणि नंतर त्याचा ठावठिकाणा लागला नाही. कंपनी म्हणे, शोध चालू आहे. इंदूताई कुणापाशी काही बोलल्या नाहीत. फक्त वाचनालयाचा रेडिओ, जो पूर्वी सातच्या बातम्यांपुरता लागायचा, तो त्या दिवसभर लावून ठेवायला लागल्या. अगदी बारीक आवाजात. वाचकांना त्रास व्हायचा, पण बंद करा असं कुणी म्हणालं नाही.

दुसरा डबा चालू असताना, यान गप्प झालं तेव्हा, त्या माझ्याकडं झुकल्या होत्या.

"मुकुंदराव, हा परत येतो का हो?"

"नियम आहे, इंदूताई," मी म्हणालो.

इतकंच. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

दिवे लागल्यावर मोहितेवकील उठून उभे राहिले. गावातले नावाजलेले फौजदारी वकील; कोर्ट नसलेल्या दिवशीही त्यांना उलटतपासणी लागे. "टेंबेसर, मी कोंबड्यांबद्दल काही बोलणार नाही," ते म्हणाले. "या सिनेमातलं सगळ्यात जिवंत पात्र तेच होतं. माझं म्हणणं आधीच्या दोन डब्यांबद्दल आहे. तुमचा हा दिग्दर्शक क्रेनेक, त्याला माणसं आवडत नाहीत. त्याला खुर्च्या आवडतात, बटणं आवडतात. तो माणूस यानात दाढी करतो, ते आपण किती वेळ पाहिलं?"

"क्रेनेक वाट पाहायला लावतो," श्रीधर म्हणाला. तो कॉलेजात इंग्रजी शिकवायचा आणि शिकवताना हात पाठीमागं बांधून उभा राहायचा. तसाच आताही उभा होता. "वाट पाहणं हाच त्याचा विषय आहे. दुसरा कुणी असता तर त्यानं रॉकेटं उडवली असती, राक्षस आणले असते. यानं एक बाई आणि एक रेडिओ ठेवला. वकीलसाहेब, यंत्रांचे सिनेमे पुष्कळ झाले. माणूस किती लांब गेला तर आपला राहत नाही, हे विचारणारा हा एकटा."

"वाट पाहायची तर मी एसटी स्टँडवर जाऊन बसेन. तिथं वर्गणी नाही."

लोक हसले. श्रीधर हसला नाही. हा सिनेमा मिळावा म्हणून तो दोन वर्षं मागं लागला होता. शेवटचा तुकडा त्यानंही पाहिलेला नव्हता. परदेशी मासिकांतून त्यावर झालेली भांडणं तेवढी वाचली होती. आणि डब्यातून निघालं कुक्कुटपालन. त्याच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. आम्ही एका बाकावरचे, तिसरीपासूनचे.

"शेवटाशिवाय हा वाद व्यर्थ आहे," तो म्हणाला. मग त्यानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. "मुकुंदा, तू पाहिलायस ना? नियम राहू दे. सांग शेवट."

"याला साक्षीदार करताय?" वकील म्हणाले. "सुसर येईल त्यात."

"आज तो थाप मारणार नाही," श्रीधर म्हणाला. माझ्याबद्दल असं कुणी कधी म्हणालं नव्हतं.

मी पुढं गेलो. पडद्यापुढं उभा राहिलो. आता सांगतो ते मला आजही नीट कळलेलं नाही, पण त्या दिवशी मला काही रचावंसंच वाटलं नाही. मुंबईच्या त्या थिएटरात मी जे पाहिलं होतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट मी न वाढवता जपून ठेवली होती.

मी सांगितलं. केंद्रातले सगळे हळूहळू काम सोडून जातात. वरिष्ठ म्हणतात, फाइल बंद करा. ती बाई एकटी राहते, रोज संध्याकाळी रेडिओपुढं बसते, त्याच्या नावानं हाक मारते, आज पाऊस पडला म्हणते, तुझा स्वेटर उसवून पुन्हा विणायला घेतलाय म्हणते. ती म्हातारी होते. आणि मग एक दुसरं यान जातं आणि त्याचं यान त्यांना सापडतं. ते दार उघडतात. आत सगळं जागच्या जागी आहे. दाढीचं सामान. अर्धा प्यालेला कप. खुर्चीच्या पाठीवर सदरा. रेडिओ चालू आहे. तिचा आवाज त्या खोलीत येतोय, स्पष्ट, आज पाऊस पडला म्हणून सांगतोय. सगळ्या हाका तिथवर पोचत होत्या. ऐकणारा नाही. सिनेमा संपतो तो त्या आवाजावरच, आणि रिकाम्या खुर्चीवर.

मोहितेवकिलांनी चष्मा काढून हातात धरला होता. श्रीधरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. जन्मात इतकं चांगलं मी कधी काही सांगितलं नाही. मी खूश होतो.

मग माझी नजर दाराकडं गेली.

इंदूताई उठून उभ्या होत्या. मांडीवरची कव्हरं खाली पडली होती. शेजारच्या खोलीत त्यांचा तो रेडिओ बारीक आवाजात चालू होता. कुठल्यातरी धान्याचे बाजारभाव सांगत होता. आत्तापर्यंत तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. आता सगळ्यांना ऐकू येत होता.

"मुकुंदराव," त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच होता, पुस्तक उशिरा आणल्याबद्दल विचारायच्या तसा. "हे तुम्ही पाहिलंत?"

मी पडद्याकडं वळून पाहिलं.

"नाही, तुम्ही थापा मारता ना नेहमी. म्हणून विचारलं."

श्रीधर माझ्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की हो म्हण, एवढंच म्हण, बाकी मी बघतो. वकीलही बघत होते. मी इंदूताईंकडं बघितलं आणि मला एकदम फार थकवा आला. जणू सगळी फिरती, सगळ्या एसट्या, सगळ्या धर्मशाळा त्याच क्षणी अंगावर आल्या.

"थाप," मी म्हणालो.

"काय?" श्रीधर म्हणाला.

"थापच होती. सिनेमा बघत होतात सगळे रडवेले होऊन, म्हटलं अजून थोडं रडवावं." मी हसलो. मी हात हलवायला लागलो, आणि मग ते थांबेनात. "खरा शेवट साधा आहे. तो परत येतो. यान समुद्रात उतरतं. बोटीतून त्याला धक्क्यावर आणतात. हा एवढा वाळलेला, ही एवढी दाढी. ती बाई पुढं होते. आणि तो पहिलं काय विचारतो? म्हणतो, इतक्या हाका मारत होतीस, घसा नाही बसला? मग ती त्याला घरी नेते आणि पोहे करते."

"त्या देशात पोहे मिळतात?" वकिलांनी विचारलं.

"तसंच काहीतरी. पोह्यांसारखं."

लोक हसले. इंदूताई हसल्या नाहीत, पण खाली बसल्या. कव्हरं गोळा करायला लागल्या.

श्रीधर पुढं आला. अगदी जवळ आला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला. "मुकुंदा, तू जगाची थट्टा केलीस, मी हसलो. ही एक गोष्ट सोडायची होतीस. माझ्या डोळ्यांतून पाणी काढलंस आणि ते खोट्यावर." त्यानं रुमाल काढून डोळे पुसले. "पोहे," असं म्हणाला आणि निघून गेला.

खुर्च्या आवरताना मोहितेवकील माझ्यापाशी रेंगाळले. "वाद मी जिंकलो म्हणायचा," ते म्हणाले. "पण साक्षीदार फिरला म्हणून जिंकलो. फिरलेला साक्षीदार मला लांबून ओळखू येतो, मुकुंदराव. तुम्ही पहिली साक्ष देताना हात खाली सोडून उभे होता."

"वकीलसाहेब, हे श्रीधरला—"

"मी कशाला सांगतो," ते म्हणाले. "त्याला कळलं तर तो दुसऱ्या दिवशी वाचनालयात व्याख्यान देईल."

ते बरोबर होतं. श्रीधरच्या पोटात काही राहत नसे, आणि क्रेनेकच्या बाबतीत तर नाहीच. म्हणून मीही सांगितलं नाही. आमचा संध्याकाळचा घाटावरचा चहा बंद झाला. तो समोरून आला की रस्ता ओलांडायचा. मित्रमंडळ पुढं वर्षभरात मोडलं. लोक म्हणायचे, कोंबडीमुळं.

मला वाटलं होतं, निदान तो खोटा शेवट तरी तिथंच संपला. पण पुढच्या आठवड्यात पुस्तक बदलायला गेलो, तर इंदूताईंनी शिक्का मारता मारता विचारलं, "मुकुंदराव, तो धक्क्यावर उतरतो तेव्हा त्याच्या हातात काय असतं?"

"बॅग," मी म्हणालो.

"कसली?"

"निळी. कॅनव्हासची."

त्यांनी मान हलवली. मग हे सुरूच झालं. शनिवारी गेलो की तो शेवट सांगायचा. त्या म्हणायच्या, "सांगा," आणि मी हात हलवायचो. बॅग आली, बॅगेत तिच्यासाठी आणलेली शाल आली. सदऱ्याचं एक बटण तुटलेलं निघालं. मधे तो इतके दिवस कुठं होता याचा हिशेब द्यावा लागला. मी त्याला एका बेटावर ठेवला, तिथल्या लोकांची भाषा शिकवली, मलेरियातून उठवला. अंतराळात बेट कुठलं, असं त्यांनी विचारलं नाही. रेडिओ शेजारी चालूच असायचा.

जहाजाच्या कंपनीनं शोध थांबवल्याचं कळवलं, त्याही शनिवारी त्या "सांगा" म्हणाल्या.

गोष्टी सांगणं हा माझा छंद होता. त्या वर्षांत त्याची नोकरी झाली. बाकी कुणाला काही सांगायचं त्राण उरेना. लोक म्हणायचे, मुकुंदराव वयानं मवाळ झाले. मी एकाच माणसाला धक्क्यावर उतरवून उतरवून दमलो होतो.

आणि मग एका दुपारी श्रीधर माझ्या दारात उभा. केस सगळे पांढरे. बऱ्याच वर्षांत उंबऱ्याशी आला नव्हता. आत ये म्हणायचं सुचायच्या आत तो खुर्चीवर बसला होता.

"पुण्याला लेकीकडं गेलो होतो," तो म्हणाला. "जावयानं कॅसेट आणली होती. क्रेनेकची."

"बरं."

"रिकामी खुर्ची आहे."

"हं."

"अर्धा कप आहे. सदरा आहे खुर्चीवर. पावसाचं ती जे बोलते, तेसुद्धा तू म्हणालास तसंच. शब्द न शब्द." तो खुर्चीतून अर्धा उठला. "इतकी वर्षं मी तुला शिव्या घालतोय. का बोलला नाहीस गाढवा?"

"त्यांनी विचारलं."

"कुणी?"

मी पायात चपला सरकवल्या. श्रीधर जमिनीकडं बघत बसला. हुशार माणूस, एकदा सुरुवात मिळाली की पुढचं धडाधड कळत जायचं त्याला. दार, दोन खुर्च्या, खाली पडलेली कव्हरं. त्यानं डोळ्यांवर हात ठेवला.

"आज शनिवार आहे," मी म्हणालो. "मला जायचंय. येतोस?"

इंदूताई निवृत्त झाल्या होत्या, पण शनिवारी त्या वाचनालयात यायच्याच. नव्या ग्रंथपालानं त्यांची खुर्ची आणि तो जुना रेडिओ काढला नव्हता. मोहितेवकील तोवर वारले होते. आम्ही दोघं आत गेलो तेव्हा इंदूताईंनी चष्म्यातून आधी मला पाहिलं, मग श्रीधरला पाहिलं, आणि बऱ्याच वेळानं त्यांना ओळख पटली.

"टेंबेसर. किती दिवसांनी."

"पुण्याला होतो," श्रीधर म्हणाला. "तो सिनेमा पाहिला तिकडं. क्रेनेकचा." त्याच्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं ना, पोटात राहत नसे. ते ऐकलं आणि मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांचे सगळे शनिवार संपले.

"पूर्ण पाहिलात?" इंदूताईंनी विचारलं. "तिसऱ्या डब्यासकट?"

"हो."

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. हात पुढं केला आणि रेडिओचा आवाज आणखी बारीक केला. "तुम्ही कधी खोटं बोलत नाही, सर," त्या म्हणाल्या. "मुकुंदरावांचं जाऊ दे. तुम्ही सांगा. शेवट काय आहे?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. या माणसानं सबंध आयुष्य त्या दिग्दर्शकासाठी भांडण्यात घालवलं होतं. त्या रिकाम्या खुर्चीसाठी त्यानं मला सोडलं होतं, आणि ती खुर्ची खरी निघाली होती.

"तो परत येतो," श्रीधर म्हणाला.

इंदूताईंनी पुस्तक बाजूला ठेवलं.

"यान समुद्रात पडतं. मग बोट. मग धक्का. धक्क्यावर गर्दी असते... म्हणजे गर्दी नसते, ती एकटीच असते." त्याला सांगता येत नव्हतं. विद्यार्थी पाठ नसलेली कविता म्हणतो, तसा अडखळत होता. "बॅग असते त्याच्याकडं. आणि चष्मा लागलेला असतो त्याला."

"चष्मा?" इंदूताईंनी माझ्याकडं पाहिलं. "हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तो मुंबईतही दाराजवळच बसला असेल," श्रीधर घाईघाईनं म्हणाला. "लांबून दिसलं नसेल त्याला. जाड काड्यांचा. चष्मा लागल्यामुळं ती त्याला आधी ओळखतच नाही, मग तो बोलतो, आणि—"

"सर," इंदूताई म्हणाल्या.

तो थांबला.

"शिकवताना तुम्ही हात मागं बांधून उभे राहायचात ना?"

श्रीधरनं खाली पाहिलं. त्याचे दोन्ही हात हवेत होते, तो अदृश्य चष्मा धरून. त्यानं ते गडबडीनं मागं नेले आणि पाठीशी एकमेकांत अडकवले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

इंदूताई बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी समोरची खुर्ची पायानं थोडी पुढं सरकवली.

"राहू द्या, राहू द्या, हलवा हात," त्या म्हणाल्या. "बसा. चष्मा लागल्यामुळं ती ओळखत नाही. पुढं?"